साडूच्या गाडीचा अलार्म

केजच्या बसस्टँडमागं बिभीषणचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हॉर्न, टेप, लायटी, अलार्म, म्हणाल ते बसवून मिळतं. माणूस कामाला चोख, पण पोट लहान. दुसऱ्याचं चांगलं झालेलं त्यात मावायचं नाही. शेजारचा कुणी नवे बूट घालून निघाला तर हा त्याच्या टाचा बघणार, कुठं झिजल्यात का म्हणून. अशा माणसाच्या दारात त्याच्या साडूनं कोरी पांढरी मोठी गाडी आणून उभी केली, आणि तीही धोंड्याच्या महिन्यात. मग काय विचारता!

साडू म्हणजे परमेश्वर, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. घर शेळ्या राखणाऱ्यांचं. तसं बिभीषणचं घरही त्यातलंच, पण यानं वेळेवर काठी टाकून पेचकस धरला होता आणि त्याचा त्याला कोण अभिमान! परमेश्वरच्या लग्नात हाच पंगतीत बसून म्हणाला होता, "पाव्हणा चांगला हाय, पण शेरडाचा वास लई येतो." पाच वर्षांत त्या शेरडांची खिल्लारं झाली, हैदराबादचे व्यापारी दारात येऊन शेळ्या नेऊ लागले, आणि आता ही गाडी. आतून नव्या कातड्याचा वास येत होता.

गाडीचं एक वेळ त्यानं सोसलं असतं. खरी आग वेगळीच होती. त्याचे सासरे राधाकिशन गेली बारा वर्षं कुठंही जायचं म्हटलं की बिभीषणच्या मोटारसायकलवर जायचे. बाजार असो, लग्न असो नाहीतर अंबाजोगाईचा दवाखाना. मागं बसून खांद्यावर हात ठेवायचे, आणि रस्त्यातल्या प्रत्येक माणसाला ओरडून सांगायचे, "थोरला जावई हाय माझा!" स्वतःचा बाप लवकर गेलेल्या बिभीषणला तो हात म्हणजे जहागिरी होती. मागच्या साली उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हिरवी पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्याला यानंच मागं बसवून घरी आणलं, आणि ती गोष्ट पाहुण्यारावळ्यांत वर्षभर सांगितली.

आता डाव्या डोळ्याची तारीख सोमवारची होती. रविवारी सासुरवाडीला धोंड्याचं जेवण, दोन्ही जावई तिथंच मुक्कामी. सासूबाईंचा, विमलबाईंचा फोन आला तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, "सोमवारी तुमाला तरास न्हाई बरं का. परमेश्वरची गाडी हाय की आता." बिभीषणनं "बरं हाय" म्हणून फोन ठेवला आणि पाना असा आपटला की शेजारचा पंक्चरवाला वळून बघायला लागला.

"साडू, अलार्म बसवायचा हाय," दुकानासमोर नव्या गाडीतून उतरत परमेश्वर म्हणाला. "शोरूमवाले बसवतो म्हणत व्हते. मी म्हणलं, आमचा मानूस हाय केजला. तुमच्याबिगर मी कुणाला हात लावू देणार हाय का?"

हे ऐकून दुसरा कुणी विरघळला असता. बिभीषणला वाटलं, हा मुद्दाम दाखवायला आलाय. "बस, च्या पी," तो म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

सायरन बॉनेटखाली गेला, डबी डॅशबोर्डखाली बसली, वायरी जुळल्या. मग आलं सेटिंग. चावी तीनदा चालू-बंद करायची, डबीचं बारकं बटण धरून ठेवायचं, की सायरन एकदा टिवटिवतो. म्हणजे तो ऐकायला तयार. मग बटण जितक्यांदा दाबाल त्या नंबरचं सेटिंग उघडतं, आणि सायरन तितक्यांदाच टिवटिवून कबुली देतो. रिमोटवर बंद कुलूप दाबलं की ते सेटिंग चालू, उघडं कुलूप दाबलं की बंद. बिभीषण हे झोपेतही करायचा.

पाचव्या नंबरला गाडी आपणहून पहाऱ्याला बसते. दारं लावून अर्धा मिनिट झालं की कुणी सांगायची गरज नाही. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला बिभीषण हे कधीच चालू करून देत नसे, कारण लोक दार लावून गाडीला टेकूनच गप्पा मारतात. आणि धक्का ओळखणाऱ्या डबीवर एक पेच असतो. डावीकडं फिरवला तर गाडी सुस्त, उजवीकडं फिरवला तर हळवी. गावात जनावरं फिरतात, म्हणून तो नेहमी डावीकडं झुकता ठेवायचा, हे बारा वर्षांचं शहाणपण.

त्या दिवशी त्यानं बटण पाचदा दाबलं. सायरननं पाचदा टिवटिव केली. त्यानं बंद कुलूप दाबलं आणि पेच उजवीकडं फिरवला, फिरायचा थांबेपर्यंत. पोटात थंड वाटलं. ताक प्याल्यासारखं अगदी.

"झालं बघ. चोर शिंकला तरी वरडंल."

"म्हणूनच तर तुमच्याकडं आलो," परमेश्वर म्हणाला. बिभीषणनं त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही.

रविवारी सासुरवाडीच्या दारात लिंबाखाली गाडी उभी राहिली. दोन्ही जावयांचे पाय धुतले, टॉवेल-टोपी झाली, ताटं आली. ताटात पुरणाचे धोंडे आणि वर तूप. दोन्ही ताटांत तूप सारखंच होतं. बिभीषणनं नीट बघून घेतलं. पहिला घास उचलतो न उचलतो तोच बाहेर सायरननं गाव डोक्यावर घेतलं. एक शेळी टायरला अंग घासत होती.

परमेश्वर खरकट्या हातानं पळाला, रिमोट दाबून आला, बसला. मग चिमणीनं की लिंबोळीनं कोण जाणे, पुन्हा कोकलली. तिसऱ्यांदा तर कुणीच नव्हतं जवळ, वाराच सुटला असेल. पंगतीतली माणसं हसू लागली. मेव्हणा हनुमान म्हणाला, "दाजी, गाडी घेतली का बाळंतघरातलं लेकरू?" शिवकन्येचं, म्हणजे परमेश्वरच्या बायकोचं, तोंड उतरलं. बिभीषणनं आणखी दोन धोंडे मागून घेतले.

जेवणं झाली. राधाकिशन हात पुसत गाडीजवळ गेले. म्हातारा जनावरांत हयात घालवलेला. नवं जनावर दावणीला आलं की आधी त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, ही त्यांची रीत. त्यांनी बॉनेटवर थाप दिली. गाडी कानाशी अशी किंचाळली की म्हातारा दोन पावलं मागं गेला, धोतरात पाय अडकला आणि हनुमाननं धरलं म्हणून पडायचा राहिला.

"हे माझ्या अंगावर येतंय," ते म्हणाले. "न्हाई बाबा. मी उद्या बिभीषणच्याच फटफटीवर जानार."

म्हातारा पडता पडता राहिला हे बिभीषणनं बघितलं होतं. छातीत एकदा धस्स झालंही. पण पुढचं वाक्य कानात पडलं आणि धस्स कुठल्या कुठं गेलं. सगळ्या गावासमोर! त्याला वाटलं, उठून आणखी एक धोंडा खावा.

संध्याकाळी तो मोठ्या मनाचा आव आणून परमेश्वरजवळ गेला. परमेश्वर गोठ्याच्या कट्ट्यावर एकटाच बसला होता.

"काईतरी बिघडलं असंल बे सेटिंगमधी. परवा आण दुकानात, बघतो."

"बिघडलं न्हाई," परमेश्वर म्हणाला. "पाचवा नंबर चालू हाय आन् पेच पुरा उजवीकडं हाय."

चोराच्या मनात चांदणं.

"रोज दोनशे शेळ्या मोजून आत घेतो मी, साडू. पाचदा टिवटिवलं ते दुकानातच मोजलं. घरी आल्यावर खोक्यातला कागद शिवकन्येनं वाचून दाखवला. पेच बी बघितला. रात्रीच फिरवनार व्हतो."

"मग कावून न्हाई फिरवला?"

परमेश्वरनं कट्ट्यावर सरकून त्याला जागा केली. "मागच्या धोंड्याला, तीन वर्सामागं, तुमच्या फटफटीची हवा गेलती, आठवतं? तुमी बाभळीच्या काट्याला शिव्या देत बसला व्हता. ती हवा मी सोडलती. मामा सारखं 'थोरला जावई, थोरला जावई' करायचे. मला वाटायचं, एकदा तरी माझ्यासंगट पायी चालावं. तवा म्हणलं, तुमी बी एकदा करून घ्या. फिट्टमफाट."

आपला कुणी हेवा करत असेल, हे बिभीषणच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. तीन वर्षं! आणि आपण नव्या बुटांच्या टाचा बघत हिंडलो. त्यात आनंद व्हावा की लाज वाटावी, तेही कळेना. कळत होतं एवढंच, की सोमवारची जहागिरी आपण जिंकलेली नाही, साडूनं सोडून दिलेली आहे. सोडून दिलेली गोष्ट घेताना हात कसा आखडतो, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

"पन मामा पडता पडता वाचले," परमेश्वर हळू म्हणाला. "ते मला न्हाई आवडलं. आन् उद्या येताना डोळ्याला पट्टी. ऊन केवढं हाय. तुमी बघा आता, थोरले जावई तुमीच."

उजेड होता तोवरच बिभीषण गाडीत शिरला. चावी तीनदा, बटण पाचदा, उघडं कुलूप. पेच डावीकडं. मग बाहेर येऊन त्यानं बॉनेटवर जोरात थाप मारली. गाडी गप्प राहिली. त्याचं मन मात्र ओरडतच होतं.

सकाळी राधाकिशन पटका बांधून, पिशवी घेऊन थेट मोटारसायकलजवळ येऊन उभे राहिले. बिभीषणला एक क्षण वाटलं, किक मारावी आणि निघावं. कोण अडवणार होतं? पण तो म्हणाला, "मामा, गाडीत बसा. मी नीट केलीया. न्हाई वरडत आता."

"तू केलीस का? मग बसतो," म्हातारा म्हणाला, आणि बिभीषणचा खांदा धरून पुढच्या सीटवर चढला. बिभीषणनं पट्टा लावून दिला, दार लावलं. परमेश्वरनं गाडी चालू केली. म्हाताऱ्यानं पाठ टेकवली, डोळे मिटले आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला की काचेबाहेर ऐकू आला. मग काच खाली करायला लावून त्यांनी बिभीषणला जवळ बोलावलं.

"लई बरं वाटलं रे," ते कानाजवळ म्हणाले. "फटफटीवर कंबर पार मोडायची माझी. दोन-दोन दिवस विमल शेकून द्यायची. मागच्या साली तर पट्टीत धूळ जाऊन डोळा आठ दिवस चुरचुरला."

"मग बोलायचं न्हाई का मामा? बारा वर्सं?"

"तू एवढ्या हौसेनं न्यायचास," म्हातारा म्हणाला. "तुला कसं म्हनू?"

गाडी वळून रस्त्याला लागली. बिभीषण दारात उभा होता. अंजना, त्याची बायको, मागून येऊन म्हणाली, "आवं, चला की, दुकान उघडायचंय न्हवं?" त्यानं मान हलवली आणि फटफटीची मागची सीट अंगठ्यानं दाबून बघितली.