तळचा खण

मी एक जुना खण आहे. मुलांनी लिहिलेल्या गोष्टी-कवितांचे मासिक जिथून निघते, त्या खोलीतल्या टेबलाचा सगळ्यात तळचा. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाचे तरी कागद माझ्या पोटात असतील, म्हणून हे सांगतो आहे.

ज्या लाकडापासून मला बनवले ते ओले होते. वाळताना मी वाकलो आणि अडकू लागलो. दुसऱ्या कुणी मला चुलीत घातले असते. संपादक तात्यांनी मात्र माझी खोड ओळखली. ते डावा तळवा माझ्याखाली घालत, तान्ह्या बाळाची मान उचलावी तसे जरासे उचलत, की मी निमूट बाहेर येई.

जे लिखाण कच्चे असे पण ज्यात जीव असे, ते तात्या माझ्यात ठेवत. "हे फेकायचं नाही, हे पिकायचंय," असे म्हणत. समासात पेन्सिलीने दोन ओळी लिहीत आणि मूल आले की शेजारी बसवून वाचून दाखवत. दर शनिवारी टेबलामागे वाकून भिंतीवरची वाळवीची रेघ पुसत, रॉकेलचा बोळा फिरवत.

एकाएकी तात्या आजारी पडले आणि लेकीकडे राहायला गेले. घाईत माझी खोड सांगायची राहून गेली.

नवे संपादक दोघे आले. मुले त्यांना दादा आणि ताई म्हणू लागली. माणसे वाईट नव्हती, दिवसभर राबत. त्यांनी खोली रंगवली, पण टेबल न सरकवताच. एकदा दादाने मला ओढले, तर मूठच त्याच्या हातात आली.

"काय अडेलतट्टू आहे हा!"

"रिकामाच असेल रे," ताई म्हणाली. "सुताराला सांगू, फोडून टाकेल."

सुतार पहार घेऊन आला, त्याच सकाळी दोन वेण्यांची एक मुलगी दारात उभी राहिली.

"ताई, माझी गोष्ट तात्यांकडे आहे. माझ्या आजोबांनी सांगितलेली. आजोबा आता नाहीत, आणि माझ्याकडे दुसरी प्रतही नाही."

"कुठे ठेवली होती?"

तिने माझ्याकडे बोट दाखवले. तोवर पहारीचे टोक माझ्या फटीत शिरले होते. माझी पुढची फळी कडाडली.

"थांबा ना काका! तात्या असं ओढायचे नाहीत!"

ती गुडघ्यांवर बसली. जरा आठवले, मग डावा तळवा खाली घातला आणि उचलले. मी बाहेर आलो.

"घ्या! माझी पहार लाजली की हो," सुतार म्हणाला.

तिची गोष्ट वरच होती. समासात तात्यांनी लिहिले होते, 'आजोबा सांगता सांगता कुठे थांबतात? तेही लिही.' तिने ते उभ्या उभ्या दोनदा वाचले, कागद छातीशी धरले आणि ती गेली.

ताईने उरलेले लिखाण चाळले. एकेचाळीस मुलांचे होते.

"एवढ्यांना उत्तरं कोण लिहिणार रे?"

"हा अंक तर निघू दे. मग बघू," दादा म्हणाला. त्याने तळवा खाली घालून मला अलगद बंद केले. अगदी तात्यांसारखे.

त्यानंतर तीन अंक निघाले.

आधी भीती वाटे, की मला उघडायचे कसे हे कुणालाच ठाऊक नाही. आता दोघांनाही ठाऊक आहे, तरी कुणी उघडत नाही, आणि भीती वाढली आहे. टेबलामागची वाळवीची रेघ टेबलाच्या पायावरून चढत माझ्या तळाला भिडली आहे. आत बारीक करकर चालू असते. काल एका कवितेचा कोपरा गेला. नाव त्याच कोपऱ्यात होते.

मित्रांनो, उत्तर आले नाही म्हणून घरी बसून राहू नका. या. दादा-ताई हसून दार उघडतील. मला ओढू नका. तळवा खाली घाला आणि जरासे उचला. पण लवकर या.