गच्चीवरची कात्री

इंदिरानगरात ढुंढिराज गायधनींच्या बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याचा हॉल आहे आणि त्यात जुजुत्सू या जपानी कुस्तीचा वर्ग चालतो. भाडं घेत नाहीत. मालकांची लेक सई त्याच वर्गात शिकते, एवढंच. या 'एवढंच'मध्ये काय काय येतं, हे सई सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

चार महिने सई एकच डाव घोटत होती, कात्री. आपण पाठीवर, समोरचा आपल्या पायांमध्ये गुडघ्यांवर. एका हाताने त्याची कॉलर धरायची, दुसऱ्याने बाही. मग एक नडगी त्याच्या पोटावर आडवी, दुसरा पाय जमिनीलगत, आणि दोन्ही पाय उलट दिशांना फिरवले की तो कलंडतो आणि आपण वर. बाही धरायची ती त्याने हात टेकून तोल सावरू नये म्हणून. सईने बाही धरणं केव्हाच सोडून दिलं होतं, कारण गरजच पडत नव्हती. तिने पाय हलवला की माणूस आडवा. बँकेतला ज्ञानेश पडायचा, वेदिका पडायची, आणि शिकवणारे देवव्रत सर बाजूला उभे राहून मान डोलवायचे. पोरीला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं काम सगळ्यांनी वाटून घेतलं होतं.

दिवाळीनंतर कळवणची तेजल आली. ती इथल्या एका दवाखान्यात नर्स होती. पहिल्या दिवशी तिने सरळ हात टेकला आणि पडलीच नाही. सरांनी तिला जिन्यात नेऊन चार शब्द सांगितले. दुसऱ्या दिवसापासून तीही पडू लागली. सईला वाटलं, आपला डाव आणखी पक्का झाला. मग ती तेजललाच शिकवू लागली, तुझा तोल फार कच्चा आहे म्हणून. तेजल खाली मान घालून ऐकून घ्यायची.

राज्य स्पर्धेसाठी त्या दोघींच्या वजनगटात एकच मुलगी जाणार होती. निवडीच्या आधीच सईने आत्या-मावश्यांना फोन करून टाकले. निवड परक्या हॉलमध्ये होती, पंचही परके. समोर तेजल. सईने कात्री मारली. तेजलने मोकळा हात जमिनीवर टेकला आणि तशीच बसून राहिली. सईने पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा कुणीतरी हसलं. मग तेजलने तिचे पाय बाजूला सारले, छातीवर बसली आणि हात पिरगाळला. हरले म्हणून सईने दोनदा जमीन थोपटली.

बाहेर पाण्याच्या नळाशी सईने तिला गाठलं. तू मला महिनाभर फसवलंस, म्हणाली.

"मी नाय फसवलं, सईताई," तेजल म्हणाली. "तुमच्या गच्चीवर पडावंच लागतं. सगळेच पडतात."

सईला लाज वाटली, पण त्याहून जास्त राग आला, आणि रागाला घरचं दार होतं. सोमवारी तिने जिन्याला कुलूप घातलं. तेजलची स्पर्धा तीन आठवड्यांवर होती आणि सरावाला तिला दुसरी जागा नव्हती. ती बॅग खांद्याला लावून अर्धा तास फाटकाशी उभी राहिली. सई गॅलरीत चहा पीत होती. तिने दुसरा कपही निवांत संपवला.

तिसऱ्या दिवशी देवव्रत सर किल्ली मागायला आले. सईने अट घातली: आधी माझ्याशी एकदा खेळा, आणि खोटं पडायचं नाही. सर कबूल झाले. शपथही घेतली.

दोघं वर गेले. सर गुडघ्यांवर बसले. या वेळी सईने कॉलर धरली आणि बाहीही धरली, बोटं दुखेपर्यंत घट्ट. एकदाच, फक्त एकदा तिला हा डाव खरा हवा होता. तिने नडगी आडवी टाकली, श्वास घेतला.

दुसरा पाय अजून जागचा हललाही नव्हता, आणि सर कलंडले. अगदी व्यवस्थित, खांद्यावर वळून.

"आता जमलं बघ," ते पडल्या पडल्या म्हणाले. "किल्ली कुठे आहे?"