सलामीनंतरची चिंदी

आमच्या घरात एकही सुती साडी म्हातारी होऊन मेली नाही. जरा मऊ पडली की अविनाशचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, तिच्यावर डोळा. मी ओरडायचे, हे कात्री घेऊन बसायचे.

फौजेतला हवालदार माणूस. बंदूक युनिटमध्ये असायची, पण तिची नळी पुसायच्या चिंध्या इकडे उत्तरेत, आमच्या मनीमाजऱ्याच्या भाड्याच्या खोलीत कापल्या जायच्या. सरकारी कापड मिळतं, पण ह्यांना ते पसंत नव्हतं. "धागे सुटतात. जुन्या साडीची सर नाही," म्हणायचे. पहिली चिंदी काळी निघते, मग करडी, आणि पांढरी निघाली की नळी साफ. "माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलंत का?" मी टोमणा मारायचे. "तुझ्यात काजळी कुठाय, कांचन?" एवढं बोलून मोकळे.

एकच लुगडं मी दिलं नाही. आईचं, मोतिया रंगाचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. "ह्याला कात्री लावलीत तर याद राखा!" दर दिवाळीला ट्रंक उघडली की हे त्याच्याकडे बघून उसासा टाकायचे.

यंदा दिवाळीआधीच डेंग्यू झाला आणि हे गेले. गावी आता कुणी नाही, म्हणून इथेच अग्नी दिला. युनिटच्या जवानांनी हवेत बार काढून सलामी दिली. लोक रडत होते, माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. मी बंदुकांकडे बघत होते. सलामीची काडतुसं नळी फार काळी करतात, हे मला ह्यांनीच सांगितलेलं. कुणाच्या अंत्यविधीची ड्यूटी असली की हे नळ्या घासत बसायचे, उशिरा घरी यायचे, आणि अंगाला तेलाचा न् बारुदाचा वास. मी नाक मुरडून आधी न्हाणीत पिटाळायचे.

घरी सोडायला शिशिर भाऊजी आले. ह्यांच्या हाताखालचे, ह्यांना उस्ताद म्हणायचे, आमच्या साताऱ्याकडचेच. सलामीत त्यांनीही बार काढला होता.

"वहिनी, निघू का? बंदुका साफ करून जमा करायच्यात."

"चिंध्या आहेत?"

"सरकारी आहेत की."

"थांबा."

ट्रंकेतून लुगडं काढलं, काठ दातात धरला आणि टर्रकन फाडलं. भाऊजी घाबरलेच.

"वहिनी, काय करताय! आईचं ना ते? उस्ताद सांगायचे."

"धागे सुटणाऱ्या कापडानं त्यांच्या सलामीच्या बंदुका पुसायच्या नाहीत. ह्यांच्यासाठी करण्यासारखं मला आता एवढंच उरलंय. न्या."

मग भाऊजी माझ्यासमोर खाली बसले. ह्यांच्याच कात्रीनं आम्ही दोघांनी चिंध्या कापल्या.

संध्याकाळी ते परत आले. खिशातून कागदाची पुडी काढून पुढे केली. आत एक चिंदी, स्वच्छ.

"शेवटची, वहिनी. अगदी पांढरी निघाली. उस्ताद खूश झाले असते."

झाले असते, खरंच. पण मला राग आला. देवावरसुद्धा दिवसभर आला नव्हता एवढा.

"साफ घेऊन मी काय करू? पहिली कुठाय?"

भाऊजींनी मान खाली घातली. मग हळूच दुसऱ्या खिशातून काळी चिंदी काढली. त्यांच्यानंही ती टाकवली नव्हती.

मी ती नाकाशी धरली. तेल आणि बारूद. हे दारात येऊन उभे राहिले की हाच वास यायचा.

आता न्हाणीत पिटाळायला कुणी नव्हतं. चिंदी तोंडावर दाबून मी मोठमोठ्याने रडले.