गाळलेली लाट

दर्शना गमरे डॉक्टर होती, पण ती ऑपरेशन करत नसे. परळच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, मेंदूच्या शस्त्रक्रिया विभागाच्या मागच्या खोलीत बसून ती एका लाटेचा अभ्यास करत होती.

ही लाट तिच्या स्वतःच्या डोक्यातून पहिल्यांदा गेली तेव्हा ती सातवीत होती. बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि दर्शनाच्या डोळ्यांपुढे एक चकाकणारी नागमोडी रेघ आली. रेघ सरकत सरकत मोठी झाली आणि फळ्यावरचे अर्धे शब्द दिसेनासे झाले. वीस मिनिटांनी डोकं असं ठणकायला लागलं की तिला घरी न्यावं लागलं. आईने सुंठ उगाळून कपाळाला लावली. ती अर्धशिशी होती, हे नंतर कळलं. आणि त्यामागची लाट कळली ती थेट एमडी करताना. मेंदूच्या पृष्ठभागावरून विजेचा एक बदल मिनिटाला तीनेक मिलिमीटर, मुंगीपेक्षाही हळू सरकत जातो आणि वाटेतल्या पेशी थोडा वेळ मुक्या होतात. धडधाकट मेंदू त्यातून सावरतो. पण पक्षाघात झाला असेल, डोक्याला मार बसला असेल, तर हीच लाट पुन्हा पुन्हा उठते. रक्ताचा पुरवठा आधीच तोकडा असतो, त्यामुळे वाचल्या असत्या त्या पेशीही मरतात. सुधारत असलेला रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक का ढासळतो, याचं एक उत्तर तिथे असावं, असं दर्शनाला वाटत होतं.

म्हणून हा अभ्यास. डोक्याचं ऑपरेशन चालू असतानाच सर्जन मेंदूवर एक पातळ पट्टी ठेवायचे. तिच्या वायरी यंत्राला जोडल्या जायच्या आणि पाच दिवस नोंद व्हायची. चौदा महिन्यांत एकोणीस रुग्ण झाले होते. प्रत्येकाच्या नातेवाइकांना दर्शनाने स्वतः बसून समजावलं होतं.

एका बुधवारी सकाळी टेक्निशियन राजाराम नलावडे तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस, पण हातातली फाइल नुसती उलटसुलट करत होता.

"मॅडम, मार्चमध्ये तो कंपनीचा इंजिनिअर सर्व्हिसिंगला आला होता ना? त्याने सॉफ्टवेअर नवीन टाकलं. तेव्हापासून फिल्टर चालू आहे."

दर्शनाला क्षणभर अर्थच लागला नाही. मग लागला. साधी यंत्रं अतिशय हळू होणारे बदल घामाचे, हालचालीचे समजून गाळून टाकतात. तिची लाट म्हणजे नेमका तसाच हळू बदल. ती सापडावी म्हणून हा फिल्टर बंद ठेवायचा होता.

"मार्चपासून?"

"हो. अकरा पेशंट."

दुपारपर्यंत तिने एकेक फाइल उघडून पाहिली. काही ठिकाणी मेंदूची हालचाल मंदावलेली दिसत होती, पण ती लाटेमुळे की गुंगीच्या औषधामुळे, हे सांगायला काहीच उरलं नव्हतं.

"चुकी माझी आहे," राजाराम म्हणाले.

दर्शनाने कपाटातून अभ्यासाची मूळ प्रत काढली. कच्ची नोंद दर महिन्याला मुख्य संशोधकाने तपासावी, असं तिथे लिहिलं होतं. खाली तिची सही होती. ते सगळे महिने ती रुग्णालयाच्या नैतिकता समितीचे फॉर्म, मुदतवाढीचे अर्ज, तेच अहवाल तीन वेगळ्या नमुन्यांत भरण्यात गुंतली होती. स्क्रीनवर रेघा हलताना दिसायच्या, म्हणून नोंद होतेय असं ती धरून चालली.

"तुमची नाही," ती म्हणाली, आणि प्रत इतक्या जोरात टेबलावर टाकली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

विभागप्रमुख डॉ. अजित सबनीस यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आठ नीट आहेत ना? आठांवर रिसर्च पेपर कर. बाकीचे तांत्रिक कारणाने वगळले. एक ओळ, बस्स."

"आणि नातेवाईक?"

"त्यांचं काय? ट्रीटमेंटमध्ये काही फरक पडला का? नाही. मग उगाच कशाला? एखादा पेपरवाल्याला गाठेल आणि आपलं सगळंच बंद पडेल."

ते अगदी चूक बोलत नव्हते, याचाच तिला जास्त संताप आला.

अकरांपैकी एक होता अवधूत परब. लोअर परळच्या एका टॉवरमध्ये लिफ्टची दुरुस्ती करताना तो शाफ्टमध्ये पडला होता. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईचा हात दाबला होता. दुपारी उजवी बाजू लुळी पडली ती पडलीच. "त्या दिवशी काय झालं ते यंत्रात असेल," दर्शना तेव्हा त्याच्या आईला, सुंदराबाईंना म्हणाली होती. "मी वाचून तुम्हाला सांगेन." त्यानंतर सुंदराबाई ओपीडीत आल्या की दर वेळी मागच्या खोलीच्या दाराशी येऊन विचारून जायच्या, आणि अजून वाचायचं आहे, असं दर्शना सांगायची.

शनिवारी सकाळी दर्शना चालत लालबागला गेली. मसाल्याच्या गिरण्यांपुढून जाताना तिला शिंकांवर शिंका आल्या. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर परबांचं दार उघडंच होतं. अवधूत खाटेवर टेकून बसला होता. त्याने डावा हात उचलला, "डॉ..." म्हणाला आणि पुढचा शब्द शोधत राहिला. त्याची बायको मानसी कामावर गेली होती. सुंदराबाई लसूण सोलत होत्या.

दर्शनाने बसताक्षणीच सांगून टाकलं. "त्या दिवसाची नोंद हाताला लागत नाही. आमच्या यंत्राने ती गाळून टाकली. मी तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही."

"म्हणजे काय दिसलाच नाय?"

"नाही."

सुंदराबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं. "माझ्या झिलाच्या डोक्यात पट्टी घातलात. मी सही दिली. तुमी म्हणालात, कळात. म्हणून दिली."

"हो."

"मगे आता कित्याक इलात?"

आपण का आलो ते दर्शना सांगायला लागली. तिला थांबवून सुंदराबाईच बोलल्या, खाटेकडे पाठ करून, अगदी हळू. "त्या दिवशी त्याची पाठ भरून आली होती. नर्स गडबडीत होती. म्हणून मीच त्याका कुशीवर वळवलं. मगे तासाभरात हात पडलो. माझ्यामुळे झाला काय ता?"

म्हणजे चार महिने त्या दाराशी येऊन हेच विचारत होत्या.

"नाही," दर्शना म्हणाली. "कुशीवर वळवल्याने असं होत नाही. मी डॉक्टर म्हणून सांगते."

"यंत्रात दिसला असता?"

"बहुतेक दिसलं असतं. लाट कुठे, किती वाजता उठली ते."

"आता नाय दिसणार."

"नाही."

सुंदराबाईंनी ताट पुन्हा ओढून घेतलं. "बरा. जावा तुमी."

चहा विचारला नाही. दर्शना जिना उतरली, लालबागच्या पुलाखालून रुग्णालयात परत आली आणि तेव्हाच नैतिकता समितीला पत्र लिहिलं. अकरा नोंदी निकामी, कारण काय, जबाबदारी कोणाची, सगळं. उरलेल्या दहा कुटुंबांनाही तिने महिनाभरात गाठलं. एकाने फोन आपटला. एका बाईला अभ्यास कसला तेच आठवत नव्हतं. सबनीस आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. समितीने अभ्यास पाच महिने थांबवला. दर्शनाला त्या काळात तीनदा अर्धशिशीचा झटका आला आणि तिन्ही वेळा ती खोलीतला दिवा बंद करून टेबलावर डोकं टेकून बसली.

जानेवारीत परवानगी मिळाली. आता राजाराम रोज सकाळी फिल्टर बंद असल्याचा फोटो काढून तिला पाठवत आणि ती कच्ची नोंद उघडून पाही. पहिली रुग्ण कॉटन ग्रीनची, मोठा पक्षाघात झालेली एक बावन्न वर्षांची बाई होती. चौथ्या दिवशी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, स्क्रीनवरची पहिली रेघ सावकाश खाली गेली. तीनेक मिनिटांनी शेजारची. मग तिसरी.

निवासी डॉक्टर राजरत्न धावत आला. "मॅडम, हीच ना?"

"हीच."

इतकी स्वच्छ लाट तिने आजवर फक्त परदेशी निबंधांतल्या चित्रांत पाहिली होती. राजरत्नने बाईंचा डावा हात तपासला. सकाळी उचलत होत्या, आता उचलत नव्हत्या.

"काय देऊ?"

"काही नाही."

"ते भुलीचं औषध? त्याने लाटा थांबतात म्हणे."

"म्हणे. सिद्ध झालेलं नाही, आणि आपल्याला फक्त बघायची परवानगी आहे. ताप, रक्तदाब, साखर सांभाळ. सर्जनना कळव."

"फक्त बघायचं?" असं पुटपुटत राजरत्नने फोन उचलला. तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा. तिने वेळ लिहून ठेवली आणि बाहेर गेली. बाकावर त्या बाईंचा नवरा बाबुराव डबा उघडून बसला होता. त्याला तिने लाट कशी असते ते सांगितलं, ती आत्ता येऊन गेल्याचं सांगितलं, आणि ती थांबवायचा उपाय आज आपल्याकडे नाही, हेही सांगितलं.

"मग मोजता कशाला?" बाबुरावने विचारलं.

"थांबवायची कशी ते कळावं म्हणून."

"हिला त्याचा काय उपयोग?"

"कदाचित काहीच नाही," दर्शना म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. आत दुसरी लाट उठल्याचं सांगायला राजाराम दारात येईपर्यंत ती तिथेच बसून होती.