आठवी ‘ब’चा प्रकल्प: लतिका मॅडमचं लग्न

माझं लग्न हा आठवी ‘ब’चा शालेय प्रकल्प झाला आणि शाळेने तो रीतसर मंजूरही केला. ऐकणारा आधी हसतो. हसा, माझी ना नाही. पण यात माझा गुन्हा एवढाच, की दोन दिवसांच्या प्रशिक्षणात जेवणानंतरही मी एकटी जागी राहिले.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, पुस्तकी धडे पुरे झाले. आता मुलांनी आपल्या परिसरातली खरी समस्या निवडायची, सगळ्या विषयांच्या शिक्षकांनी मिळून तीच शिकवायची आणि शेवटी पालकांसमोर उपाय मांडायचा. मला ते मनापासून पटलं. आमची शाळा शहराच्या कडेला, वाडीत, अमरावती रोडला लागून. गोदामं, धूळ, फाटक अडवून उभे ट्रक. समस्यांना काय तोटा! मी वर्गात पद्धतही नीट शिकवली. कोणी काही सांगितलं की विचारायचं, ‘काहून?’ म्हणजे ‘का?’. त्याने उत्तर दिलं की त्यालाही ‘काहून?’. असं पाच वेळा केलं की मूळ कारण हाती लागतं. आणि लोकांना प्रश्न विचारले तर त्यांचं नाव गुप्त ठेवायचं, नावाच्या जागी आकडा घालायचा, परवानगीशिवाय नाव फोडायचं नाही. पोरं इतकी मन लावून ऐकत होती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

विषय मतदानाने निवडला. ट्रकांना थोडी मतं पडली, पाण्याला थोडी, आणि उरलेला सगळा वर्ग माझ्या लग्नामागे उभा राहिला.

“हे काय आहे?” मी फळ्याकडे बोट दाखवून ओरडले.

मेघा उठली. ही वर्गाची मॉनिटर. हिला गप्प करणं अजून कोणाला जमलेलं नाही. “मॅडम, तुमीच म्हणल्या ना, समस्या खरी पाह्यजे, जवळची पाह्यजे, अन् सुटणारी पाह्यजे. ट्रक तं काही हटत नाही. तुमचं लग्न तरी होऊ शकते.”

“होऊ शकते का, ते बी तपासा लागन,” मागच्या बाकावरून प्रशिक म्हणाला.

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले. चंद्रभान सर म्हणजे भला माणूस, पण परिपत्रक दिसलं की त्यांची बुद्धी चपला काढून बाहेर बसते. त्यांनी चष्मा लावून वाचून दाखवलं, “विद्यार्थ्यांनी निवडलेला विषय शिक्षकाने कोणत्याही परिस्थितीत बदलू नये.” मग चष्मा काढून म्हणाले, “कोणत्याही परिस्थितीत म्हणते मॅडम. मी काय करू सांगा?”

आणि सगळी शाळा कामाला लागली. भूगोलाच्या सरांनी जिल्ह्याचा नकाशा काढून कोणत्या गावाहून स्थळ आलं तिथे नारिंगी टिकल्या लावल्या. विज्ञानाच्या बाई माझा रक्तगट विचारायला स्टाफरूममध्ये आल्या, आणि मी सांगेपर्यंत हलल्या नाहीत. इतिहासात माझे कालखंड पाडले गेले. मराठीच्या तासाला साऱ्या वर्गाने माझा बायोडाटा लिहिला, त्यात ‘स्वभाव: तापट पण मनाने चांगल्या’ हे वाक्य सगळ्यांचं सारखं होतं. पीटीच्या सरांनी रिसेप्शनला उभं राहायचा सराव म्हणून पोरांना मैदानात तिष्ठत ठेवलं. गणित माझंच. संभाव्यतेचा धडा मला माझ्याच लग्नावर शिकवावा लागला. उत्तर शून्याच्या इतकं जवळ आलं की मला घाम फुटला. पण पायऱ्या बरोबर होत्या, म्हणून मी मुकाट बरोबरची खूण केली.

आता खरं सांगते. मला लग्न करायचं होतं. छत्तिसाव्या वर्षी बाईने हे असं मोठ्याने बोलायचं नसतं, म्हणून मी कोणाजवळ बोलले नव्हते. आई गेली तेव्हापासून प्रतापनगरच्या घरात मी आणि बाबा दोघंच. बाबा म्हणजे आनंदराव, पोस्टातून रिटायर झालेले. स्थळं यायची, सगळी पार्वतीबाईंच्या ओळखीतून. त्या वधू-वर मेळावा भरवतात आणि मेघाच्या मोठी आई, म्हणजे थोरल्या काकू, लागतात. मंडळी यायची, पोहे खायची, ‘कळवतो’ म्हणून जायची. मग दोन्हीकडचे वडीलधारे फोनवर बोलायचे. त्या फोनवर काय ठरलं हे मुलीने विचारायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. बाबा फोन ठेवायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, “जमलं नाही वं पोरी.” मी पोह्यांच्या बश्या घासायला घ्यायचे.

दरवेळी बशी घासता घासता मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट असणार. पार्वतीबाई तर मला बघून तोंडच वाकडं करायच्या. आणि एक गंमत म्हणजे कोणाच्या लग्नाला गेलं की एखादे काका हमखास अदबीने विचारायचे, “पीएचडी कुठवर आली?” मी बीएस्सी बीएड. हे दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत असतील म्हणून मी हसून पुढे सरकायचे.

पोरांनी पार्वतीबाईंना गाठलं, त्यांच्याकडून साऱ्या जुन्या स्थळांचे फोन नंबर घेतले, आणि एकेकाला फोन लावला. हो, शाळेच्या फोनवरून, शाळेच्या वेळेत. मला कळलं तेव्हा मी ती माहिती बघायला मागितली. चंद्रभान सरांनी कपाटाला कुलूप घातलं. “तुमचे हितसंबंध गुंतले आहेत मॅडम,” ते म्हणाले. “तुम्ही पाहिलं तर प्रकल्पाचे मार्क कापतील.” आपल्याच लग्नात आपले हितसंबंध गुंतू नयेत, अशी शाळा मी तरी दुसरी पाहिली नाही.

सादरीकरणाचा दिवस आला. हॉल पालकांनी गच्च भरला. बाहेरून आलेले परीक्षक मधोमध बसले. स्टेजवर थर्माकोलचा मांडव होता आणि त्यात ‘समस्या’ अशी पाटी लावलेली खुर्ची. त्या खुर्चीवर मी. पहिल्या रांगेत ‘संबंधित घटक’ म्हणून बोलावलेले बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून, मोठ्या कौतुकाने इकडेतिकडे बघत बसले होते. त्यांच्या शेजारी पार्वतीबाई.

नकाशे झाले, रक्तगट झाला. मग मेघाने मोठा वर्तुळालेख उघडला. जवळजवळ सगळं वर्तुळ नारिंगी होतं.

“लग्न न जमण्याचं कारण,” मेघाने छडी टेकवली. “नारिंगी भाग म्हणजे मुलीकडून नकार.”

“चुकलंय ते,” मी खुर्चीवरून उठले. “रंग उलटे भरले तुम्ही.”

“नाही मॅडम, दोनदा तपासलं. मुलाकडचे हो म्हणले होते. तुमच्या घरून निरोप गेला, पोरीले पीएचडी करायची हाय म्हणून.”

“मंग!” पार्वतीबाई उभ्याच राहिल्या. “एवढे चांगले पोरं आणले मी. हिचे नखरे किती!”

आमच्या बौद्ध घरांत पत्रिका बघत नाहीत. बाकीच्यांना ‘पत्रिका जुळली नाही’ म्हणून सुटता येतं, आमच्यात नकार द्यायचा तर कारण लागतं. माझ्या बापाने माझ्यासाठी पीएचडी शोधून काढली होती. मी बाबांकडे पाहिलं. ते आपल्या चपलांकडे बघत होते.

मेघाला थांबवायला हवं होतं. पण परीक्षक पुढे सरकून बसले होते आणि चंद्रभान सरांनी घड्याळ बघून ‘प्रश्नोत्तरं’ असं जाहीर केलं. मेघा माईक घेऊन खाली उतरली.

“काका, तुमी नाही काहून म्हणलं?”

“पोरं काही धड नव्हते,” बाबा पुटपुटले.

“मंग तसं सांगाचं. पीएचडीचं काहून सांगतलं?”

“कोणाले तोंडावर वाईट कसं म्हणा लागते वं?”

“पण एक इंजिनिअर होता, एक शिक्षक होता, एकाचं दुकान होतं. ते वाईट काहून वाटले तुमाले?”

बाबांनी रुमाल काढला. “नेणार होते ना तिले.”

मेघाचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. “मंग नेलं असतं तं काहून नव्हतं चालत?”

“तिची आई गेली,” बाबा म्हणाले. “आता ही बी गेली तं सांजच्यानं मी कोणाची वाट पाहू?”

मला राग आला. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. एवढी वर्षं मी आरशात स्वतःची खोट शोधत होते, आणि खोट तर समोर इस्त्रीचा शर्ट घालून बसली होती. आणि त्याच क्षणी, त्या शर्टाची कॉलर मीच सकाळी नीट दुमडून दिली होती ते आठवलं आणि माझे डोळे भरून आले. दोन्ही एकदम झालं. त्यातलं एक खोटं आहे असं मला म्हणता येणार नाही.

चार काहून झाले होते. पाचवा माझ्या तोंडून निघाला. “बाबा, मले एकडाव विचारलं काहून नाही?”

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “विचारलं असतं तं तू हो म्हणली असती.”

परीक्षक खाकरले. त्यांना बिचाऱ्यांना रकाने भरायचे होते. “मूळ कारण उत्तम शोधलं आहे,” ते म्हणाले. “पण उपाय?”

“हाय सर,” मेघा परत स्टेजवर चढली. “प्रतिसादक नंबर सात. अजून लग्न झालं नाही. आमी विचारलं, आताही तयार हाय काय? ते म्हणले, मुलीनं स्वतः हो म्हणलं तं तयार हाय.”

हॉलमध्ये एकच गलका झाला. “कोण आहे सात नंबर?” चंद्रभान सर मला मागे टाकून पुढे धावले.

“नाही सांगू शकत सर,” मेघा म्हणाली. “परवानगी नाही. मॅडमनंच शिकवलं.”

“मेघा, मी सांगते, मला सांग,” मी म्हणाले.

“तुमाले तं बिलकुल नाही मॅडम. तुमचे हितसंबंध हाय.”

मी पार्वतीबाईंकडे वळले. त्यांनी तोंडावर पदर घेतला. “कोणाले सांगणार नाही म्हणून माझी सही घेतली त्या पोट्ट्यांनी,” त्या पदराआडून म्हणाल्या. पालक ओरडत होते, कोणी चिठ्ठ्या टाका म्हणत होतं, आणि परीक्षक गोपनीयतेचे पूर्ण गुण देत असल्याचं मोठ्याने सांगत होते. माझ्या आयुष्याचा माणूस वर्गातल्या एका आकड्याखाली लपलेला होता, आणि मी इतकं चांगलं शिकवलं होतं की एकही पोर फुटायला तयार नव्हतं.

“मी सांगतो,” बाबा म्हणाले.

ते उभे राहिले. त्यांनी खिशातून फोन काढला. “मुलीच्या तोंडून आयकाचं हाय म्हणून मांगं बी एकानंच फोन केलता. त्याचं बोलणं तं माझ्याच संगं झालतं. मले कोणाच्या परवानगीची गरज नाही.” घाईत त्यांनी दोनदा चुकीचं बटण दाबलं आणि स्पीकर सुरू झाला. तो बंद कसा करायचा हे त्यांना कधीच आलेलं नाही. घंटी सगळ्या हॉलभर वाजली.

“हॅलो?”

“नागसेन, मी आनंदराव बोलून राहिलो, प्रतापनगरवाला. लतिकाचा बाप. ते पीएचडी-बिएचडी काही नव्हतं गा. पोरीनं नाही म्हणलंच नव्हतं. तिले मी विचारलंच नव्हतं. मीच नाही म्हणलो होतो.”

नागसेन. धरमपेठेत चष्म्यांचं दुकान. बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणारा. मला तो आठवत होता. मला सगळेच आठवतात, पण तो जास्त.

पलीकडून आवाज आला, “काका, मंग आता काहून सांगून राहिले?”

सगळा हॉल बाबांकडे बघत होता. त्यांनी फोन दोन्ही हातांनी माझ्या दिशेने पुढे केला.

मी मांडवातून खाली उतरले. त्यांच्या हातातून फोन घेतला आणि स्पीकर बंद केला. अख्खा हॉल हळहळला.

“मॅडम!” मेघा मागून कळवळून ओरडली. “निष्कर्ष लिहाचा हाय अजून!”

“थांब जरा,” मी म्हणाले, आणि फोन कानाला लावून दाराकडे चालू लागले. “हॅलो. मी लतिका बोलते आहे.”