लेफ्तेरदादाचा पासवर्ड

दोनिकाच्या मुलानं, एंद्रीनं, इटलीतून पाठवलेला नवा टीव्ही सोमवारी आला. माणसं तो भिंतीवर चढवून गेली आणि पडद्यावर वायफायची यादी उघडून टीव्ही तसाच थांबला. इमारतीतली सात-आठ नावं, प्रत्येकापुढे एक कुलूप.

एंद्री फोनवर म्हणाला, "आई, समोरच्या लेफ्तेरमामांशी बोललोय मी. आपलं कनेक्शन येईपर्यंत त्यांचं वापर म्हणालेत. फक्त जाऊन पासवर्ड घे."

फक्त म्हणे! चार पावलांवरचं ते दार वाजवायला दोनिकाला गुरुवार उजाडला.

लेफ्तेरनं दार उघडलं. सत्तरी उलटलेला, अंगात विटका स्वेटर. "मला वाटलं, टीव्ही परत पाठवलास की काय," तो म्हणाला, आणि चष्मा व एक कागद घेऊन स्वतःच तिच्या घरी आला.

तो एकेक अक्षर सांगत होता, ती रिमोटनं टाकत होती. पासवर्ड चुकीचा आहे, असं टीव्हीनं दोनदा सांगितलं.

"शून्य टाकलंस की ओ?"

"तुम्ही नुसतं 'गोल' म्हणालात."

"मग दोन्ही गोलच असतात ना!"

दोनिकाला हसू फुटलं. या खोलीत टीव्हीवरून अशी हुज्जत होऊन किती वर्षं झाली! तेव्हा ती चौदा वर्षांची होती. संध्याकाळी बाबा गच्चीवर जाऊन अँटेना हळूच समुद्राकडे, इटलीच्या दिशेनं फिरवायचे. त्या कम्युनिस्ट राजवटीत परदेशी टीव्ही बघणं म्हणजे सरकारशी वैर, म्हणून दोनिका जिन्यात पहाऱ्याला. बंदरावर वीजकाम करणाऱ्या लेफ्तेरनं टिनाच्या डब्यात काहीबाही तारा जोडून एक यंत्र केलं होतं, ते टीव्हीला लावून तो बसायचा. खिडकीतून आई दबक्या आवाजात सांगायची, "अजून मुंग्याच आहेत! जरा डावीकडे!" आणि मग एकदम चंदेरी झग्यातली एखादी गायिका उमटायची. दोन्ही घरची माणसं चटईवर दाटीवाटीनं बसत. गाण्यांपेक्षा जाहिरातीच भक्तिभावानं बघत. कॉफी, साबण, गुबगुबीत मांजराला घातलेलं मटण. "आपल्यापेक्षा मांजर बरं जेवतंय," लेफ्तेरची आई म्हणायची.

मग कुणीतरी चुगली केली. दोन माणसं आली, त्यांनी सगळ्यांना जिन्यात उभं करून विचारलं, अँटेना कुणाचा? बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात लेफ्तेर म्हणाला, "माझा."

त्याला वर्षभर लुश्नियाच्या सरकारी शेतावर चर खणायला पाठवलं. परत आला तेव्हा बंदरावरची नोकरी गेली होती. तो सायकली दुरुस्त करू लागला. बाबा जिन्यात त्याला बघितलं की मान खाली घालत. हळूहळू सगळ्या घरालाच ती सवय लागली. पुढे राजवट गेली, घराघरावर डिश लागल्या, बाबाही वारले.

तिसऱ्या खेपेला पासवर्ड बरोबर लागला नि टीव्ही जोडला गेला. चित्र इतकं स्वच्छ आलं की दोघं बघतच राहिली.

"काय लावायचं?" लेफ्तेरनं विचारलं.

दोनिका आत जाऊन कॉफी आणि अंजिराचा मुरांबा घेऊन आली, आणि हातातला ट्रे खाली न ठेवताच म्हणाली, "दादा, त्या दिवशी तू 'माझा' का म्हणालास?"

'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

"तुझ्या बापाला चार पोरं होती. मला एकटी आई." त्यानं ट्रे तिच्या हातातून काढून घेतला. "आणि खरं सांगू? वाटलं, दोन-चार दिवस दम देतील नि सोडतील. वर्ष जाणार हे ठाऊक असतं, तर मीही गप्प उभा राहिलो असतो."

"बाबांनी कधी आभार मानले नाहीत. आम्ही कुणीच नाही मानले."

"आभारांचं काय घेऊन बसलीस! मला राग आला तो वेगळाच. वर्षभर त्या चिखलात तुमच्या चटईची आठवण काढत होतो. परत आलो, तर कुणी 'ये, बस' म्हणालं नाही."

दोनिकाचे डोळे भरून आले. "बाबांना लाज वाटायची रे. आणि मला वाटायचं, तुला आमचं तोंडही बघायचं नसेल."

"म्हणजे समोरासमोर राहून चाळीस वर्षं!" लेफ्तेर कपाळावर हात मारून म्हणाला. "अक्कल म्हणून नाही कुणाला."

मग त्यानंच कुठलासा स्वयंपाकाचा कार्यक्रम लावला. त्यातला आचारी कांदा इतका जाड चिरत होता की दोनिकाला राहवेना. दोघांनी मिळून त्या बिचाऱ्याची यथेच्छ टिंगल केली. अंधार पडल्यावर लेफ्तेर उठला. दारात तिनं त्याला थांबवलं. "रविवारी पालकाचं सारण भरून ब्युरेक भाजणार आहे. जेवायलाच ये."

"मीठ कमी घाल," तो म्हणाला. "रक्तदाब आहे मला."