विहिरीतला कासरा

बेलापूरचा बजरंग अंदमानातल्या त्या बेटावर येऊन पोचला खरा, पण जीव काही थाऱ्यावर नव्हता. समोर निळंशार पाणी, पांढरी वाळू, नारळाची सावली. लोक इथं हौसेनं येतात आणि हा बाबा सकाळपासून वाळूत येरझाऱ्या घालतोय! हौसेला आला होता कोण? तो लेकीला घरी न्यायला आला होता.

थोरली स्नेहल इथं पर्यटकांना समुद्रात खाली नेऊन मासे दाखवायची. रविवारी राहुरीचे पाहुणे तिला बघायला येणार होते, आणि त्यांना समुद्रातली नोकरी चालणार नव्हती. विषय काढला की ती एकच म्हणायची, आधी माझ्यासोबत एकदा खाली चला, मग बोलू. शेवटी बजरंग वैतागला. एकदाचं उरकून टाकू म्हणत त्यानं पाठीवर हवेची टाकी चढवली. पाण्याची त्याला कसली आलीय भीती? गावच्या विहिरीत त्याच्याइतकी लांब बुडी कुणी मारत नव्हतं. स्नेहलला पोहायला त्यानंच शिकवलेलं, कमरेला कासरा बांधून.

आणि तिथंच घोडं अडलं. पाण्यात तोंड गेलं की दम कोंडून धरायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं. इथं सगळं उलटं, नळीतून श्वास चालूच ठेवायचा. गड्यानं दम गच्च कोंडून धरला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. तो वर उसळणार, तोच स्नेहलनं त्याचा हात पकडला आणि दुसऱ्या हातानं खुणावत राहिली. सोडा, घ्या. सोडा, घ्या. कसाबसा एक बुडबुडा सुटला, मग सुटतच गेले.

खाली पिवळ्या माशांचा थवा अगदी नाकासमोरून गेला. बजरंग हरखून बघत राहिला. रविवार त्याच्या डोक्यातून पार निघून गेला. भानावर येऊन बघतो तर हात मोकळा, आणि स्नेहल हातभर अंतरावर नुसती तरंगतेय.

काठावर येताच तो चिडला. "हात कवा सोडलास? सांगायचं न्हाई व्हय?"

"विहिरीत तुमी कासरा सोडला, तवा मला सांगितलं हुतं का आप्पा?"

बजरंगला ती विहीर आठवली. त्या दिवशी पोर एकटीच पलीकडच्या पायरीला लागली आणि विहिरीच्या काठावर त्याचे डोळे आनंदानं भरून आले होते. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं.

ओल्या अंगानंच त्यानं घरी फोन लावला. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळव, असं बायकोला सांगितलं. ती घाबरून विचारू लागली, असं अचानक काय झालं?

"कासरा मीच सोडला हुता," तो म्हणाला. "आता परत कसा बांधू?"